त्यांच्यात तसं असेल

वाल सोलणं हे आमच्या घरी एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात पडले की आई परात खोलीच्या मधोमध ठेवायची आणि जो कोणी मोकळा दिसेल त्याला हाक मारायची. मग आई, मी आणि माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायची, असे आम्ही परातीभोवती बसायचो. अप्पाही बसायचे, पण त्यांच्या हातात वाल नसत, वर्तमानपत्र असे. अप्पा एका विमा कंपनीत कारकून होते. दिवसभर साहेबाची इंग्रजी पत्रं वाचून आल्यावर मराठी मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांची जीभ सुटत नसे. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, चष्म्यावरून आमच्याकडे बघायचं आणि विचारायचं, "हे कोण म्हणतंय? कोणाला म्हणतंय? आणि आजच का म्हणतंय?" जो उत्तर देईल त्याच्याकडे कौतुकाने बघायचं. दादा चिडायचा. "अप्पा, बातमी पुढे वाचा की, आमची परीक्षा कसली घेत बसता?" पण मला तो खेळ फार आवडायचा. दिल्लीतला कोणी पुढारी गोड बोलला की त्यामागे काय शिजतंय, मुंबईतला कोणी शेठ महाराष्ट्राचं कौतुक करायला लागला की त्याला काय वाचवायचंय, हे मी वालाची सालं काढता काढता सांगू लागले होते. बिरड्याला फोडणी बसेपर्यंत आमच्या घरात संयुक्त महाराष्ट्राचा निम्मा प्रश्न सुटलेला असे.

आम्ही दादरला पोर्तुगीज चर्चजवळ राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. वारा समुद्राकडून असला की शिवाजी पार्कवरच्या सभेचा लाउडस्पीकर आमच्या गॅलरीत तुकड्यातुकड्यांनी ऐकू यायचा. कधी नुसत्या टाळ्या, कधी अर्धवट वाक्य, कधी शाहिराचा एकच चढा सूर. सभा संपली की दादा चार-पाच मित्र घेऊन घरी धडकायचा. आई पदर खोचून सोड्याची खिचडी टाकायची आणि म्हणायची, "घसे बसलेत सगळ्यांचे, पण भुका बऱ्या शाबूत आहेत." ती मुलं कुठली कुठली असायची. कोणी लालबागचं, कोणी गिरगावातलं, एक तर थेट बेळगावहून आलेला. जमिनीवर मांडी घालून सगळे एका पंगतीत जेवायचे आणि तोंडात घास असतानाही बोलायचे. आपण सगळे मराठी, आपण सगळे एक. हे त्या दिवसांत कोणी शिकवावं लागत नव्हतं, ते हवेतच होतं. मी त्या हवेत वाढले, आणि त्या हवेबद्दल आजही माझ्या मनात प्रेम आहे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

शाळेत मी अकरावीला होते, म्हणजे त्या वेळची मॅट्रिकची परीक्षा तोंडावर होती. मराठीला प्रधान बाई होत्या. त्यांच्या पेपरात 'संदर्भासहित स्पष्टीकरण करा' हा प्रश्न ठरलेला असायचा. ओळ द्यायच्या, आणि ती कोणी, कोणास, केव्हा, कोणत्या प्रसंगी म्हटली ते लिहायचं. इतर मुली या प्रश्नाला कापायच्या, माझे मात्र त्यात कधी गुण गेले नाहीत. बाई माझा पेपर वर्गात वाचून दाखवायच्या. "निमाला ओळीच्या मागे काय आहे ते दिसतं," असं त्या म्हणाल्याचं मला अजून ऐकू येतं, आणि ऐकू आलं की बरं वाटत नाही. पुढे मी मराठीच शिकवलं, जन्मभर. निवृत्त होण्याआधीच्या वर्षांत मुलं विचारायची, "मॅडम, पार्श्वभूमी किती मार्कांना?" मी हसायची. माझ्या वेळी ती किती मार्कांना होती, हे त्यांना काय सांगणार?

मंजुळा माझ्या शेजारी बसायची. वरळीच्या बीडीडी चाळीतून यायची. वडील, ज्यांना ती आबा म्हणायची, गिरणीत कामाला, घरात ही थोरली, पाठीवर दोन भाऊ. मोजकं बोलायची, पण जे बोलायची ते नेमकं. गणितात मला तिच्याशिवाय निभावत नसे. मधल्या सुट्टीत ती माझ्या डब्यातली खिचडी खायची, मी तिच्या डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी. "तुझे सोडे काय आणि माझी सुकट काय, आले एकाच समुद्रातून," असं ती एकदा म्हणाली होती. तिच्या डब्यातलं खाते याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवत नव्हते. "आमच्याकडे असलं काही मानत नाहीत हं," हे मी तिला बऱ्याचदा सांगायची. ती मान हलवायची. ते वाक्य बऱ्याचदा सांगावंसं वाटत होतं यातच खरं तर सगळं आलं, पण ते कळायला माझं वय नव्हतं. ती आमच्या घरी आली होती, आईच्या हातचं जेवून गेली होती. मी तिच्या घरी कधी गेले नव्हते. दादरहून वरळी काही लांब नाही.

त्यांच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती, बौद्ध झाले होते, हेही मला माहीत होतं. त्या बातम्या अप्पांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या, आणि वाचताना त्यांचा आवाज भरून आला होता. बातमी माहीत होती, मंजुळाही माहीत होती, पण ती बातमी मंजुळाच्या घरात घडली आहे असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

शाळेचं दरवर्षी एक हस्तलिखित निघायचं. मुलींनी कविता, लेख, गोष्टी द्यायच्या, संपादिकेने त्या निवडायच्या, सुधारायच्या आणि मग सगळ्या एकाच हाताने, एकाच अक्षरात जाड कागदावर उतरवून काढायच्या. कडेने नक्षी, मथळ्यावर चित्र. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते टेबलावर मांडलं जायचं आणि पालक पानं उलटत फिरायचे. तोवर आपला लेख शेवटी कसा झाला हे लिहिणारीलाही दिसत नसे, तशी रीतच होती. त्या वर्षी संपादिका मी होते. अक्षर चांगलं म्हणून, आणि ओळीच्या मागचं दिसतं म्हणून.

मंजुळाने एक लेख दिला. एक पान, त्याहून जास्त नाही. मथळा होता 'समुद्रावर'. तो मला जवळजवळ पाठ आहे. आईने देव चिंचेने घासले, सणाला घासते तसेच घासले, असं त्यात सुरुवातीला होतं. मग तिने ते नव्या फडक्यात बांधले. आबा म्हणाले, मी घेतो. आई म्हणाली, सासूच्या हातून मी घेतले होते, मीच नेते. तिने गाठोडं डोक्यावर घेतलं. कोळीवाड्यातून जाताना दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. आबा कमरेइतक्या पाण्यात गेले. आईने गाठोडं त्यांच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली, मागे बघितलं नाही. घरी येईपर्यंत तिची मान ताठ होती, डोक्यावर ओझं असताना असते तशी. घरी आल्यावर तिने फळी पुसली आणि तिच्यावर माझी पुस्तकं ठेवली. एवढंच. पुढे काही नाही, मागे काही नाही.

मी वाचलं आणि मला वाटलं, वा, विसर्जन! अनंत चतुर्दशीला दादर चौपाटीवर मी दरवर्षी उभी राहिलेली. देव पाण्यात सोडायचे म्हणजे तेच, दुसरं काय असणार? मनात शंका आलीच नाही असं नाही. गणपती असता तर 'देव' असं का लिहिलं असतं, आणि गणपती चिंचेने कसा घासणार, मातीचा तो. ही शंका आली, थोडा वेळ थांबली, आणि मी तिला उत्तर दिलं, त्यांच्यात तसं असेल. बस. मंजुळा माझ्या शेजारच्या बाकावर बसत होती. कोपराने ढोसून विचारता आलं असतं. दिल्लीतल्या पुढाऱ्याच्या एकेका शब्दाला 'आजच का' विचारणारी मी, हिला विचारावंसं वाटलं नाही. कारण आपण सगळे एक. एक असलेल्या माणसाला काय विचारायचं?

मग मी लेख सुधारला. 'समुद्रावर' हा मथळा रूक्ष वाटला म्हणून 'निरोप' केला. भोवती मोदक आणि जास्वंदीची नक्षी काढली. पुस्तकांचं वाक्य खोडलं, विसर्जनाच्या लेखात पुस्तकं कुठून आली? शेवट मला अपुरा वाटत होता, भावना उचंबळून येत नव्हत्या. तेव्हा तो मी भरला. "रिकामी फळी दिसताच आईच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. हात जोडून ती म्हणाली, देवा, आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाला. तुमच्यावाचून घर सुनं झालं आहे. लवकर परत या." लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. प्रधान बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "आता शेवट कसा भरल्यासारखा वाटतो."

स्नेहसंमेलनाला मंजुळाचे आई-वडील आले. आबा उंच होते, धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी. त्यांच्याबरोबर चाळीतले दोघे जण होते, चाळीतल्या वाचनालयाचं काम हे तिघं मिळून बघत. पोरीचं लिखाण शाळेत मांडलंय म्हणून त्यांनी दोघांना मुद्दाम आणलं होतं. मागे आई, पांढऱ्या लुगड्यात. सगळ्या पालकांत त्या चौघांइतकं नीटनेटकं कोणी आलं नव्हतं. मंजुळाने पान काढून दिलं. मोदकांची नक्षी बघून तिच्या कपाळाला आठी पडली, ती मी पाहिली, पण तोवर आबांनी वाचायला सुरुवात केली होती. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ते बोट फिरवत मोठ्याने वाचत होते. खणखणीत आवाज, गिरणीतल्या खडखडाटात बोलायची सवय असलेला. इकडे-तिकडे फिरणारे पालकही थांबून ऐकू लागले. 'मीच नेते' या वाक्याला आबांनी बायकोकडे बघितलं आणि ती लाजली. मग माझा परिच्छेद आला. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला, पण मध्येच थांबला नाही. 'लवकर परत या' इथपर्यंत त्यांनी वाचलं.

मग मंजुळाची आई म्हणाली, "हे म्या कवा म्हनले?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. मंजुळा हळू आवाजात म्हणाली, "आबा, हे मी नाही लिहिलं."

आणि मी पुढे झाले. गप्प बसले असते तर निदान लाज वाटते असं तरी दिसलं असतं. पण मला लाज वाटायचं कारणच ठाऊक नव्हतं. मी हसत, चांगली हसत म्हणाले, "काका, शेवट मी लिहिलाय. थोडा अपुरा वाटत होता ना."

आबांनी हस्तलिखित मिटलं. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "अक्षर लई चांगलं हाय तुमचं."

"पर तुला कोनी सांगितलं, मी रडले म्हनून?" मंजुळाच्या आईने विचारलं.

"विसर्जनाला सगळेच रडतात," मी म्हणाले.

बरोबरच्या दोघांपैकी एकाने तोंड फिरवलं. आबा म्हणाले, "इसर्जन न्हवतं ते, पोरी." मग ते चौघे निघाले. मंजुळा त्यांच्यामागे गेली, माझ्याकडे न बघता. चहा-बिस्किटांच्या टेबलाकडे ते गेलेच नाहीत.

घरी आले तेव्हा परात मांडलेली होती. मी सांगितलं. सांगता सांगताच मला अर्थ लागत गेला, की दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातले जुने देव कायमचे सोडले होते, ते हे. आई वाल सोलायची थांबली. दादा म्हणाला, "अगं पण तुझा हेतू वाईट होता का? आपण काही भेद मानतो का?" त्याला माझी बाजू घ्यायची होती. अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बातमी मीच वाचली होती की तुम्हाला. मलाही कधी मंजुळाची आठवण झाली नाही." त्या संध्याकाळी त्यांनी पुढे वाचलं नाही.

मी वरळीला गेले, एकटी. नाक्याला बसमधून उतरून चाळींच्या रांगांमधून विचारत विचारत. लांबलचक अंधारी पडवी, दोन्ही बाजूंना खोल्या, दारोदारी पेटलेल्या शेगड्या. मंजुळाच्या दारात तिचे भाऊ गोट्या खेळत होते. आबा पाळीला गेले होते. मंजुळा मला बघून उठली आणि पाणी द्यायच्या निमित्ताने मोरीकडे गेली, ती तिथेच उभी राहिली. आईने मला पाटावर बसवलं. मी हात जोडून म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

त्या भाकऱ्या थापत होत्या. थापणं थांबलं नाही. "तुला न्हवतं म्हाईत," त्या म्हणाल्या. "व्हय. तुला कोन सांगनार? पर ऐक आता. देव आमचे मालक बुडवा म्हनले, खरं हाय. समदी चाळ बुडवत हुती. पर त्यांनी माझ्यावर जोर न्हाई केला. म्या आठ दिस इचार केला. सासूनं दिल्याले देव. माझा पयला ल्योक गेला तवा त्याच देवाम्होरं मी डोकं आपटलं हुतं. म्हनलं, न्ह्यायचे तर मीच न्हेनार. म्या न्हेले. त्या जागी पोरीची पुस्तकं ठिवली. पुढं धाकल्याला ताप आला, तवा शेजारनी सांगाया लागल्या, देव बुडवले त्याचं फळ हाय, माफी माग, पोटात घाला म्हन. म्या म्हनलं, ताप हाय, डागदर हाय. न्हाई मागितली माफी. समद्यांम्होरं न्हाई म्हनले."

भाकरी तव्यावर पडली. मी खाली बघत होते.

"आन् तू ती मागून टाकलीस," त्या म्हणाल्या.

पुढे जे त्या म्हणाल्या ते मी कधी विसरणार नाही. "घरी येताना मालकांनी मला इचारलं. म्हनले, पोरीनं लिवलं नसंल, पर तिनं मैतरनीला सांगितलं तरी असंल. खरंच म्हनली हुतीस का, मागारी या म्हनून? इतक्या वर्सांचा संसार, पर इचारलं. ते दोघं बी संगं हुते. आता चाळीत समद्यांला ठावं झालं. मी न्हाई म्हनून सांगते. पर माझं तोंडचं हाय, पोरी. तुझं लिवलेलं हाय."

मी म्हणाले, मी ते पान फाडून टाकते, नवं लिहिते. त्या म्हणाल्या, "त्या साळंत आता कोन जातंय वाचाया?" मग भाकरी उलटून म्हणाल्या, "ऐतवारी खाली वंदनेला समदे जमतात. ते दोघं बी असत्यात. तिथं ये. मालकांनी मोठ्यानं वाचलं तसं तू मोठ्यानं वाच. माझ्या पोरीचं, जसंच्या तसं. आन् सांग, ते दुसरं तुझं हाय म्हनून."

त्या रविवारी शिवाजी पार्कला मोठी सभा होती. दादा सगळ्यांना घेऊन निघाला होता, आईसुद्धा जाणार होती. मी येत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "आजच्या दिवशी?" मी म्हणाले, हो, आजच्याच दिवशी. अप्पा माझ्याबरोबर आले. चाळीच्या खालच्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरल्या होत्या, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या होत्या. वंदना संपल्यावर आबांनी मला पुढे बोलावलं. मी मंजुळाचा लेख वाचला, तिच्याच हातच्या कागदावरून. मी खोडलेलं पुस्तकांचं वाक्यही वाचलं. मग मी सांगितलं की दुसरा शेवट माझा, मंजुळाच्या आई तसं कधी बोलल्या नाहीत, मंजुळानेही मला तसं सांगितलं नाही, मी मनानेच लिहिलं. त्या दोघांपैकी एकाने, ज्याने शाळेत तोंड फिरवलं होतं त्याने, विचारलं, "पर का लिवलं, बाई?" मी म्हणाले, "मला वाटलं, तुमच्यात तसं असेल." तो म्हणाला, "इचारायचं हुतं." आम्हाला चहा मिळाला. मंजुळाची आई नवऱ्याशेजारी बसली होती. आबा उठून सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी बी हाय. मी इचाराया नको हुतं." तिने डोक्यावरचा पदर नीट केला. अप्पा आणि मी दादरला परतलो. सभेहून येणारे लोंढे घोषणा देत समोरून येत होते, आणि त्यातल्या एकाने आनंदाने माझ्या हातात कागदी झेंडा दिला.

मला वाटलं, झालं, निभावलं. माणसाला निभावलं असं फार लवकर वाटतं.

मंजुळा पुन्हा माझ्या शेजारी बसू लागली, पुन्हा गणित सांगू लागली. डबाही पुन्हा एकत्र खायला लागलो. परीक्षेआधी अकरावीच्या मुलींचा निरोप समारंभ असे, त्यासाठी बाईंनी भित्तिपत्रकाला लेख मागितले. मंजुळाने दिला. या वेळी पाच पानं होती. विषय होता गिरणीचा पहाटेचा भोंगा. मी अधीरपणे वाचायला घेतला. सुरुवात अशी होती, "प्रथम हे सांगणे आवश्यक आहे की माझे वडील गिरणी कामगार असून आम्ही वरळी येथे राहतो व आम्ही बौद्ध आहोत." भोंगा म्हणजे काय, पाळी म्हणजे काय, आई पहाटे का उठते, सगळं खुलाशासकट होतं. एके ठिकाणी आई आबांना म्हणते, आज जाऊ नका. त्याच्या पुढेच वाक्य होतं, "ती हे भीतीने म्हणाली नाही, तर त्यांना ताप होता म्हणून म्हणाली, हे वाचकांनी कृपया लक्षात घ्यावे." पाचही पानं अशीच, एखाद्याने कोर्टात जबानी द्यावी तशी. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. एका पानात समुद्र आणणारी ती मुलगी त्यात कुठे सापडत नव्हती. बाईंनी मात्र कौतुक केलं. "बघ, आता कशी मुद्देसूद लिहायला लागली."

मी मधल्या सुट्टीत मंजुळाला गाठलं. म्हणाले, "एवढं सगळं का समजावून सांगत बसतेस गं? वाचणाऱ्याला कळतं की."

ती डबा उघडत होती. तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कोणाला?" तिने विचारलं.

मी तिची पाचही पानं काना-मात्रा न बदलता उतरवून काढली. तिने त्यानंतर काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.